एक अक्षर कमी

तिकिटं दोनच काढलेली होती, कारण बाळ मांडीवर जाणार होतं. विमान कंपनीच्या ऑफिसातल्या मुलीने स्क्रीनवरची नजर न काढता विचारलं, "मॅडमचं तिकीट पुढच्या कुठल्या तारखेचं करायचं?"

मेहुण्याने समोरचा तिकिटांचा कागद उलटा करून ठेवला. शेजारच्या खुर्चीवर बाळाला खांद्याशी धरून बसलेली ताई म्हणाली, "कुठल्याच नाही. त्या वारल्या. त्यांचं तेवढं रद्द करा."

सख्ख्या धाकट्या बहिणीला ती 'त्या' म्हणाली. 'ती' म्हणायला गेली असती तर वाक्य पुरं झालं नसतं.

मुलीची बोटं थांबली. तिने सोळा दिवसांच्या त्या गाठोड्याकडे पाहिलं. "मग बाळ कुणाच्या मांडीवर?" तिने अगदी हळू विचारलं. प्रश्न फॉर्ममधलाच होता, बिचारीला विचारणं भाग होतं.

"माझ्या," मेहुणा म्हणाला. त्या ऑफिसात तो बोलला तो एवढा एकच शब्द.

ताई एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला बारीक अक्षरांचा कागद असतो ना, जो कुणी वाचत नाही, तो ती वाचायची. एका शून्याने माणूस दगावू शकतो, म्हणून दोन-दोनदा वाचायची. छापखान्यात तिला 'चाळणी' म्हणत, कारण तिच्या हाताखालून चूक म्हणून निसटत नसे. आईवडील एका वर्षात पाठोपाठ गेले तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि धाकटी नऊ. वेणीफणी, अभ्यास, तापाच्या रात्री, सगळं ताईनेच पाहिलं. स्वतःचं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. कुणी अडवलं होतं असं नाही, रोज काहीतरी दुसरं काम निघायचं.

धाकटीने लग्न केलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका लाजऱ्या माणसाशी. पहिल्याच भेटीत तो म्हणाला होता, "ताई, मला अहोजाहो नका करू, मला मागे वळून बघावंसं वाटतं, कोण आलंय म्हणून." त्याला परदेशात काम लागलं, मागोमाग धाकटीही गेली, आणि बाळंतपणाला ताईकडे आली. पहिल्या तपासणीत पडद्यावर दिसलेल्या ठिपक्याला तिने 'वाटाणा' म्हणून टाकलं, तेच नाव मुलीला चिकटलं. दोन महिन्यांनी तिघांनी मिळून परत जायचं, असं ठरलं होतं. मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी मेहुणा येऊन पोचला. तिसऱ्या दिवशी धाकटीला रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टरांनी करायचे तेवढे प्रयत्न केले, पण तो थांबला नाही.

आता ठरलेल्यातलं एवढंच उरलं होतं, की जायचं.

तिकिटाचं काम करून आले त्या संध्याकाळी ताईने विषय काढला. मेहुणा बाटल्या धूत होता. लिफ्टच्या दोरखंडांना न घाबरणारा हा माणूस बाळाला मात्र उघडी वायर धरावी तसा धरायचा, म्हणून बाटल्यांचं खातं आपोआप त्याच्याकडे आलं होतं.

"हिला माझ्याजवळ ठेव," ताई म्हणाली. "कायमची नाही म्हणत. वर्षभर. चालायला लागली की घेऊन जा. तिकडे एकटा तू कसं करणार?"

"मालकांनी दिवसपाळी द्यायचं कबूल केलंय. शेजारच्या इमारतीत पाळणाघर आहे."

"पाळणाघर! दोन महिन्यांच्या पोरीला!"

त्याने नळ बंद केला. "ताई, तिथल्या घरात तिची चप्पल दाराशी आहे. फडताळात तिने चिकटवलेल्या चिठ्ठ्या आहेत. त्या घरात मी एकटा शिरू? आणि ही इथे?" मग, आवाज चढला म्हणून शरमून, तो म्हणाला, "तुमचं सगळं पटतंय मला. पण नाही."

ताईने पुन्हा शब्द काढला नाही. पण विषय मनातून सोडलाही नाही.

दोन दिवसांनी बाळाचा जन्मदाखला आला. पासपोर्टला तो लागणार होता, आणि आई हयात नसल्यामुळे तिचा मृत्युदाखलाही. मेहुण्याने पाकीट न फोडताच ताईपुढे ठेवलं. "तुम्ही एकदा नजर घाला. तुमच्या डोळ्यांखालून गेलं की मला घोर नाही."

ताईने वाचलं. तारीख बरोबर. वजन बरोबर. वडिलांचं नाव बरोबर. आईच्या नावात एक अक्षर कमी.

तिचा हात सवयीने कानामागच्या पेन्सिलीकडे गेला. मृत्युदाखला तिनेच कपाटात ठेवला होता, त्यावर नाव अचूक होतं. म्हणजे कागदोपत्री बाळाला जन्म देणारी बाई एक आणि मेलेली बाई दुसरी. पासपोर्टच्या खिडकीवर हे दोन कागद शेजारी ठेवले की काम अडणार, हे तिला लख्ख दिसलं. दुरुस्तीला दिवस लागतील. दिवस गेले की जायची तारीख जाईल. तारीख गेली की नोकरीसाठी त्याला एकट्यालाच निघावं लागेल.

"ठीक आहे ना?" त्याने विचारलं.

"ठीक आहे," ताई म्हणाली.

एकोणीस वर्षांच्या नोकरीत तिने जाणूनबुजून सोडलेली ही पहिली चूक. त्याने दाखला पारदर्शक फाइलमध्ये घातला, वरून हात फिरवला आणि निश्चिंतपणे चहा टाकायला गेला. तो चहा ताईने तसाच थंड होऊ दिला.

पुढचे दहा-बारा दिवस तिने जिवाच्या आकांताने बाळाचं केलं. छापखान्यातून बिनपगारी रजा घेतली. आंघोळ, दूध, ढेकर, लंगोट, आणि सगळ्यात मोठं म्हणजे ते झोपेतलं उगीचचं हसू, जे बघायला ती कामं टाकून बसायची. मेहुणा शिकायला पुढे यायचा, तर ती म्हणायची, "राहू दे, मी करते. तू दमलायस." हे ती प्रेमाने म्हणत होती की हिशेबाने, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

पासपोर्टच्या फोटोला मात्र दोघं मिळून गेले. बाळाचे डोळे उघडे हवेत, तोंड मिटलेलं हवं आणि दुसऱ्याचा हात दिसता कामा नये, असा नियम होता. फोटोवाल्याने पांढरी चादर अंथरली. वाटाणा एकतर डोळे उघडून भोकाड पसरायची, नाहीतर तोंड मिटून झोपायची. "बाईसाहेबांना दोन्ही एकदम मान्य नाही," फोटोवाला कपाळाचा घाम पुसत म्हणाला. शेवटी मेहुणा जमिनीवर पालथा पडला आणि लिफ्ट वर जाताना येतो तसा आवाज तोंडाने काढू लागला. मुलगी चकित होऊन गप्प झाली, डोळे हे एवढे मोठे. फोटो निघाला. ताई हसली. किती दिवसांनी हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की जो पासपोर्ट निघू नये म्हणून आपण गप्प आहोत, त्याच्याच फोटोला आपण टाळ्या वाजवल्या.

बाळ महिन्याचं झालं त्या सकाळी जन्मावेळी राहून गेलेल्या लसीचा दिवस होता. मेहुणा त्याच्या कामाच्या परवान्यासाठी बाहेर गेला होता, म्हणून ताई एकटीच आरोग्य केंद्रात गेली. बाळ परदेशी जाणार म्हटल्यावर नर्सने नवं कार्ड काढलं. रांग दारापर्यंत होती. नर्स घाईत होती.

"नाव सांगा तुमचं."

ताईने आपलं नाव सांगितलं. विचारलं तेच सांगितलं, असं तिने पुढे स्वतःला कितीदा तरी बजावलं. पण नर्सचं पेन कुठल्या रकान्यावर आहे हे तिला दिसत होतं. उलटी अक्षरं वाचणं तर तिचं रोजचंच काम. 'आईचे नाव' या रकान्यात तिचं नाव उतरत होतं आणि ती बघत राहिली.

लस टोचल्यावर वाटाणा निळी पडेपर्यंत रडली. बाहेरच्या बाकावर तिला शांत करताना ताईने कार्ड उघडलं. तिचं नाव अगदी शुद्ध लिहिलं होतं. एक खोड काढायला जागा नव्हती.

आणि तिला एक जुना हजेरीपट आठवला.

धाकटीच्या शाळेत नव्या बाईंनी हजेरीपटावर तिचं नाव चुकीचं लिहिलं होतं, हेच अक्षर गाळून. आठवडाभर ती हजेरीला ओ देईना. रोज गैरहजर. ताईला शाळेत बोलावणं आलं. "अगं, समोर बसून गैरहजर कशी लागतेस?" तर नऊ वर्षांची ती चिमुरडी गाल फुगवून म्हणाली होती, "त्यांनी हाक मारली ती दुसरीच कोणीतरी आहे. मी कशी हजर म्हणू?" ताईने बाईंशी भांडून ते अक्षर लिहायला लावलं होतं.

एका कागदावर मी बहिणीला अर्धवट पुसलं. दुसऱ्या कागदावर तिच्या जागी मी स्वतः जाऊन बसले. ताईला बाकावर बसवेना. ती रांग मोडून आत गेली. मागच्या बायका ओरडल्या.

"हे नाव खोडा," ती नर्सला म्हणाली. "मी आई नाही. मी मावशी."

"मग मघाशी सांगायचं ना! आई कुठंय? कामावर?"

"नाही. वारली. हिच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी."

नर्सने पेन खाली ठेवलं. मग नवीन कार्ड घेतलं. ताईने बहिणीचं नाव सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि ते लिहून होईपर्यंत तिला इतके दिवस न आलेलं रडू तिथेच, त्या सगळ्या बायकांसमोर आलं. मघाशी ओरडलेल्या एकीने पुढे होऊन बाळाला घेतलं.

घरून दाखला उचलून ताई तशीच जन्मनोंदणीच्या ऑफिसात गेली. मेहुण्याला कळायच्या आत गुपचूप दुरुस्त करून टाकावं, एवढीच तिची आशा होती. कारकुनाने दाखला उलटासुलटा पाहिला. "दवाखान्याचं पत्र आणा. आठ दिवस लागतील, सुट्ट्या धरू नका त्यात. आणि अर्जावर वडिलांची सही पाहिजे."

"वडिलांची? माझी नाही चालणार?"

"तुम्ही कोण?"

पासपोर्ट ऑफिसात जायची तारीख तीन दिवसांवर होती. मेहुण्याला सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

तो आला तेव्हा ती टेबलाशी बसून होती. दाखला आणि कोरा अर्ज समोर. तिने नावावर बोट ठेवलं. त्याला क्षणभर काही दिसेना. मग दिसलं.

"अरे देवा. बरं झालं तुम्ही पाहिलंत. आज लक्षात आलं?"

इथे 'हो' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. त्याने दुसरा प्रश्न विचारला नसता.

"आला त्याच दिवशी," ताई म्हणाली.

त्याने बोटांवर दिवस मोजले. "बारा दिवस?"

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही ठीक आहे म्हणालात."

"हो."

"का?" त्याने विचारलं, पण विचारतानाच त्याला उत्तर कळलं असावं, कारण तो एकदम खुर्चीवर बसला. "ताई, तुम्ही मला सरळ सांगायचं होतंत."

"सांगितलं होतं. तू ऐकलं नाहीस."

"ऐकलं होतं," तो म्हणाला. "ऐकूनच नाही म्हटलं होतं."

त्याने सही केली आणि फोन घेऊन जिन्यात गेला. दार लोटलेलं होतं. तो मालकाशी बोलत होता, अडखळत, पुन्हा पुन्हा माफी मागत. चूक नोंदणी ऑफिसची आहे, एवढंच त्याने सांगितलं. ताईचं नाव घेतलं नाही. महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली, त्यानंतर परवाना रद्द. आत येऊन त्याने बाळाला ताईच्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या खोलीत नेलं.

असे ताईला हवे होते ते जास्तीचे दिवस मिळाले. पण ते दिवस म्हणजे रोजची शिक्षाच. मेहुणा एक वावगा शब्द बोलला नाही. बोलायचा तो कामापुरतं: "पाणी तापलंय का." "दूध संपत आलंय." बाळाचं सगळं तो स्वतः करू लागला. लंगोट उलटे लागत, आंघोळीला बाप आणि लेक दोघंही भिजत, आणि ताई दाराशी रिकामे हात घेऊन उभी राही. त्या हातांचं काय करावं ते तिला सुचत नसे. ती उगीच पडदे धूत बसायची.

दाखला दुरुस्त होऊन आला, तो त्याने न बोलता तिच्यापुढे ठेवला. तिने तीनदा वाचला. "बरोबर आहे," म्हणाली. त्याने स्वतः पुन्हा वाचला, बोट फिरवत, आणि मग फाइलमध्ये घातला. ताईने मान खाली घातली. ते तिला मिळायलाच हवं होतं.

पासपोर्टही आला, त्यानंतरची एक दुपार. वाटाण्याच्या पोटात दुखू लागलं. पाय पोटाशी घेऊन ती अशी किंचाळायची की भिंती हादराव्यात. मेहुणा तासभर तिला घेऊन येरझारा घालत राहिला. शेवटी दार उघडून बाहेर आला. शर्ट घामाने आणि दुधाने चिंब.

"ताई, घ्या हिला. मला नाही जमत."

ताई उठली. दोन्ही हात पुढे झाले होते. बाळ तिच्याकडे आलं असतं, दोन मिनिटांत शांत झालं असतं, आणि तिच्या जिवाला जो गारवा मिळाला असता त्याची कल्पना फक्त तिलाच होती. तिने हात मागे घेतले आणि पाठीशी एकमेकांत घट्ट अडकवले.

"मी घेतली तर तिकडे कोण घेईल?" ती म्हणाली. "पालथी घाल तिला. अशी नाही, तुझ्या हातावर. डोकं कोपराच्या खळगीत, पाय दोन्हीकडे लोंबू देत. मांजर फांदीवर पसरतं ना, तशी. हां. आता दुसऱ्या हाताने पाठ चोळ. जोरात. ती काही काचेची नाही."

दहा मिनिटं गेली. मग मुलीने वारा सोडला, तो एवढा दणदणीत, की मेहुणा दचकला. आणि ती शांत झाली. त्याच्या हातावरच झोपली.

तो तसाच, तिला न हलवता, जमिनीवर बसला. आणि त्याचा धीर सुटला.

"मला एकच दिवस मिळाला होता, ताई," तो म्हणाला. "विमानातून उतरून सरळ दवाखान्यात आलो होतो. ती म्हणाली, डोळे बघ तुझे, झोप जरा. मी खुर्चीत झोपलो. नऊ तास झोपलो मी. तिने उठवलं नाही." तो रडताना खांदे हलू देत नव्हता, मुलगी जागी होईल म्हणून. "तुम्ही बारा दिवस गप्प बसलात. मी नऊ तास झोपलो. कोण कुणाला काय बोलणार?"

ताई त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच राहू दिला.

जायच्या आदल्या दिवशी तिने धाकटीची बॅग उघडली. दिवस भरायच्या आतच धाकटीने ती अर्धी भरून ठेवली होती आणि वर यादी चिकटवली होती. बाळाच्या नावाखाली तेरा वस्तू. 'मी' खाली चार. नवऱ्याच्या नावाखाली फक्त, 'स्वतःचं स्वतः बघेल, घोडा झालाय.' मेहुण्याने ते वाचलं आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. ताईने धाकटीचे चार कपडे बाहेर काढले. रिकाम्या झालेल्या जागेत दुधाच्या पावडरचे डबे बसले. बरोबर मावले, ते पाहून तिला वाईट वाटलं.

विमानतळाच्या दारापुढे फक्त प्रवाशांना सोडत होते. मुलगी मेहुण्याच्या छातीशी झोळीत बांधलेली होती, झोपलेली, त्यामुळे ताईला हातात द्यायला किंवा हातातून घ्यायला काही उरलंच नव्हतं. तिने झोळीतून बाहेर आलेलं एक पाऊल आत सारलं.

"पोचलास की कळव."

"तुम्ही जेवा वेळेवर," तो म्हणाला. मग वाकायला गेला, झोळीमुळे वाकता येईना, म्हणून तिचा हात त्याने कपाळाला लावला. "दोन वर्षांनी आणतो हिला. तुम्हाला ओळखणार नाही, पण आणतो."

"ओळख करून घेऊ," ताई म्हणाली.

काचेतून ती बघत राहिली. पहिल्याच टेबलावर अधिकाऱ्याने काहीतरी विचारलं. मेहुण्याने फाइलमधून दोन कागद काढून शेजारी शेजारी ठेवले. अधिकाऱ्याने दोन्ही वाचले, एकदा बाळाकडे पाहिलं, आणि शिक्का मारला. मग मेहुण्याची पाठ गर्दीत गेली.

तिसऱ्या दिवशी ताई कामावर रुजू झाली. जेवणाच्या सुट्टीत फोन वाजला. तिकडे सकाळ होती. मेहुण्याने केस न विंचरलेलं तोंड दाखवलं, "आत्ताच झोपलीय, बघा," असं कुजबुजला आणि फोन उशीला टेकवून ठेवला. पडद्यावर वाटाणा होती, एक मूठ गालाखाली. ताईने चटकन आपला आवाज बंद केला, कारण मागे छपाईची यंत्रं धडधडत होती आणि मूल जागं झालं असतं.

थोड्या वेळाने तिकडे मेहुण्यालाही डुलकी लागली असावी. त्याचं फक्त कोपर दिसत होतं. ताई डबा न उघडता बसून राहिली. मुलीने झोपेत तोंड वाकडं केलं, मग हसल्यासारखं केलं, मग पुन्हा काही नाही. ताईने पडद्यावर बोट ठेवलं तर चित्र सरकलं, म्हणून तिने हात मांडीवर घेतले.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. माणसं आपापल्या जागेवर गेली. कुणीतरी विचारलं, "येताय ना?"

"आले," ती म्हणाली, आणि आणखी थोडा वेळ बसून राहिली.